पंचेश्वर, पंधरा किलो आणि एक पकड

ऑफिसातला एक ज्युनियर ऑक्टोबरात पंचेश्वरला चाललाय, महाशीर पकडायला. परवा टपरीवर चहा घेताना म्हणाला, "तुझी ती पॅकिंगची एक्सेल शीट फॉरवर्ड कर ना." मी हो म्हणालो, आणि आठ दिवस झाले तरी पाठवलेली नाही. शीट आहे, चांगली त्रेचाळीस ओळींची आहे, प्रत्येक वस्तूच्या वजनाचा कॉलम आहे, खाली टोटल आहे. पण जशीच्या तशी पाठवायला हात धजत नाहीये. म्हटलं, आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, सविस्तरच लिहून काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंचेश्वर म्हणजे उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातला काली आणि सरयू नद्यांचा संगम. अलीकडे आपण, पलीकडे नेपाळ. काली हिमनद्यांमधून येते, त्यामुळे गार. सरयू त्या मानाने कोमट. दोन पाणी जिथे मिसळतात तिथे लहान मासे जमतात आणि त्यांच्या मागे महाशीर येतो. आमची ट्रिप गाइडेड होती, म्हणजे तंबू, जेवण, परवाना, वाटाड्या सगळं कॅम्पवाल्यांकडे. आपण फक्त पैसे भरायचे, ओळखपत्राच्या झेरॉक्स द्यायच्या आणि बॅग भरायची. नियम एकच. मासा पकडायचा, गळ काढायचा, सोडून द्यायचा. हिमालयातला हा सोनेरी महाशीर जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत आहे, त्यामुळे ताटाचा विषयच नाही.

निघायच्या आधी आजीला हे समजावून सांगत होतो. ती महाडची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खायचा नाही, तर मग त्याला ओढून काढायचा कशाला रे?" मी संवर्धन, स्थानिकांना रोजगार, मासा जिवंत राहण्यात गावाचा फायदा वगैरे बरंच बोललो. ते सगळं खरंही आहे. आजी "बरं" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. आजीचं 'बरं' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

असो. बॅगेकडे येऊ.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा कॉलेजचा रूममेट. माझा अनुभव म्हणजे मावळातल्या एका खासगी तळ्यावर घालवलेले दोन वर्षांचे रविवार. त्याचा अनुभव म्हणजे मी त्याला पाठवलेले व्हिडिओ. प्रवास पुणे-दिल्ली विमानाने, पुढे टनकपूरपर्यंत रेल्वे, मग चंपावत-लोहाघाटचा घाट आणि शेवटी लोहाघाटहून नदीपर्यंत खाली उतरत जाणारा, पोटातलं सगळं वर आणणारा रस्ता. (ओळ क्र. १: उलटीची गोळी. ही ओळ मी कधीही काढणार नाही.)

विमानात चेक-इन सामानाची मर्यादा पंधरा किलो. इंजिनियर माणसाला मर्यादा दिली की तो ऑप्टिमायझेशन करायला घेतो. मी टूथब्रश स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मोजला, खोटं नाही सांगत. रॉडची लांब नळी, रील, लूरचा डबा, कपडे, स्लीपिंग बॅगचं अस्तर असं करत टोटल आली साडेसोळा. म्हणून छोट्या पण जड वस्तू पाठीवरच्या सॅकमध्ये हलवल्या. त्यात पकड होती. मासेमारीची लांब नाकाची पकड, साडेसातशे रुपयांची, निळ्या मुठीची. पुण्याच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ती दिसली, तिथल्या बाईंनी ती दोन बोटांनी उचलली आणि "हे नाही जाणार" म्हणत ट्रेमध्ये टाकली. वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्यांचं बरोबरच होतं. हत्यारं केबिनमध्ये चालत नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं. मी मनातल्या मनात शीटमधून २१० ग्रॅम वजा केले आणि चक्क खूश झालो.

कॅम्पवर पोचल्यावर आमच्या गाइडने पहिलं काम काय केलं असेल, तर आमच्या बॅगा उघडायला लावल्या. चाळिशीचा माणूस, वरच्याच गावातला. सगळे त्याला दाज्यू म्हणत होते, कुमाऊँत मोठ्या भावाला म्हणतात तसं, म्हणून आम्हीही. तो आम्हाला 'सर' म्हणत होता आणि सर म्हणत म्हणतच एकेक वस्तू बाजूला काढत होता.

जीन्स बाजूला. "ये भीग गई तो आप के जाने तक नहीं सूखेगी, सर." (खरंच वाळली नाही. मित्राने ऐकलं नव्हतं.) त्यापेक्षा ट्रेकिंगच्या पातळ, पटकन वाळणाऱ्या दोन पँट पुरतात. मार्चमध्ये पहाटे जाकीट लागतं आणि अकरानंतर टी-शर्टही नकोसा होतो, तेव्हा एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्यावेत. कपड्यांचे रंग मातकट, हिरवे. माझा पोपटी टी-शर्ट पाहून दाज्यू काही बोलला नाही, नुसता हसला.

बुटांबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथे बहुतेकजण चुकतात. नदीकाठी वाळू थोडी आणि गोटेच जास्त. पाण्यातल्या गोट्यांवर शेवाळ असतं, आणि नेहमीच्या स्पोर्ट्स शूजचा रबरी तळ त्यावर साबणासारखा सरकतो. चपला-फ्लोटर्स नकोतच, धारेत पाय अडकला की चप्पल एकीकडे आणि घोटा दुसरीकडे. घोटा झाकणारे, ओले झाले तरी चालतील असे जुने बूट एक जोडी पाण्यासाठी, आणि कॅम्पवर घालायला दुसरं काहीतरी कोरडं. मोजे मात्र भरपूर न्या, त्यात कंजुषी नको. आणि काली नदी वरून शांत वाटली तरी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं असेल तर लाइफ जाकीट हवंच. ते कॅम्पवर मिळतं, पण आपल्या मापाचं आहे ना हे आधी फोन करून विचारा. मित्राला मिळालेलं बारा वर्षांच्या मुलाचं होतं.

पोलराइज्ड गॉगल ही मला आधी चैन वाटायची. पण पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेत ध्रुवित असतो आणि हा चष्मा नेमका तोच अडवतो. बारावीचं फिजिक्स आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं. चष्मा लावला की चकाकी जाते आणि तळाचे दगड दिसायला लागतात. शिवाय शेजारच्याने फेकलेला लूर डोळ्यात जाण्याची भीती राहत नाही. शेजारी आमचा मित्र असल्यामुळे हा मुद्दा गंभीर होता.

डोक्याला बांधायची बॅटरी, पट्टीवालं मनगटी घड्याळ, रोख पैसे. घड्याळ कशाला? तर संगमावर मोबाइलला मधूनच नेपाळच्या टॉवरची रेंज येते आणि फोनचं घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं. पहिल्या दिवशी आम्ही पहाटेच्या चहाला पंधरा मिनिटं आधीच जाऊन बसलो होतो. रोमिंग बंद ठेवा, नाहीतर नुसतं "पोचलो" असा मेसेज केल्याचेही पैसे पडतील. सीमा असल्यामुळे सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात, मूळ ओळखपत्र खिशात ठेवा.

माझ्या हातमोज्यांकडे दाज्यूने जरा वेळ पाहिलं. कापडी, जाळीचे, मासा निसटू नये म्हणून घेतलेले. म्हणाला, "इन को यहीं छोड़ दो." मी मान डोलावली आणि तो वळल्यावर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबले. नवे होते हो.

मग त्याने लूरचा डबा मागितला. लूर म्हणजे खोटा मासा, त्याला दोन-दोन तिहेरी गळ लोंबकळत असतात. गळाच्या टोकाशी उलटा फिरलेला बारीक काटा असतो, त्याला बार्ब म्हणतात. एकदा आत गेला की त्याच्यामुळे गळ मागे येत नाही. दाज्यूने स्वतःच्या कमरेची पकड काढली, वर ठेवलेल्या सहा लूरचे बार्ब एकेक करून दाबून सपाट केले, काहींचे तिहेरी गळ काढून एकेरी लावले. खालच्या खणात चार लूर अजून पाकिटातच होते. "ये लगाने से पहले मुझे देना," एवढं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला काहीच लागलं नाही. मित्राला, त्या व्हिडिओवाल्याला, सकाळीच दोन छोटे महाशीर लागले. आता खरं सांगायचं तर त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जेवणानंतर तो आणि दाज्यू वरच्या धारेकडे गेले, मी खालच्या डोहाशी थांबलो. वजन वाचवायला मी माझा हलका रॉड आणि पातळ दोर आणला होता, कॅम्पचा जाड रॉड दाज्यूने देऊ केला तरी घेतला नव्हता. लूर बदलावासा वाटला. पाकीट फोडलं, नवा कोरा चकचकीत लूर लावला. बार्ब दिसत होते. पकड पुण्याच्या विमानतळावर आणि दाज्यू दीडशे मीटर वर. म्हटलं, एकच फेक.

तिसऱ्या फेकीला लागला.

महाशीर लागणं म्हणजे काय हे मी वर्णन करणार नाही, ते बऱ्याच जणांनी माझ्यापेक्षा बरं केलं आहे. रील नुसतं ओरडत होतं. जाड दोर असता तर पाच-सात मिनिटांत काठाला आणता आला असता. पातळ दोर तुटेल म्हणून मी त्याला पळू देत राहिलो, ओढत राहिलो, परत पळू देत राहिलो. वीस-बावीस मिनिटं. तेव्हा मला तो पराक्रम वाटत होता. माशाच्या बाजूने पाहिलं तर ती वीस मिनिटं जिवाच्या आकांताने धावणं आहे, स्नायूंत आम्ल साठत जातं आणि शेवटी नुसतं पाण्यात राहूनही ते भरून निघेलच असं नाही.

काठाला आला तेव्हा तो आडवा पडला होता. मोठे मोठे सोनेरी खवले, कडेला हिरवट झाक, शेपटीकडे केशरी. मी हातमोजे घातले, त्याला उचलून गोट्यांवर घेतलं. दोन्ही तिहेरी गळ रुतले होते, एक ओठात आणि एक पार आत कल्ल्यांपाशी. बोटांनी निघेना. ओरडलो, पाण्याच्या आवाजात वर ऐकू गेलं नाही. आणि मग, हे लिहायला लाज वाटते, मदत येईपर्यंत मी फोटो काढले. ओळ क्र. ३१ ची मापाची टेपसुद्धा काढली. लांबी तीस इंच, घेर सोळा. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले आठशे, उत्तर पौंडात. नऊ पॉइंट सहा. म्हणजे साधारण साडेचार किलो. हा हिशोब मी तो मासा तोंड उघडमीट करत असताना तोंडी केला.

दाज्यू धावत आला. एक शब्द बोलला नाही. आधी मासा पाण्यात घेतला, मग हात ओले करून, पकडीने, पाण्यातच तीस-चाळीस सेकंदांत सगळे गळ काढले. आतला काढताना थोडं रक्त आलं. मग मासा सरळ धरून, तोंड धारेकडे करून तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. धारेचं पाणी कल्ल्यांमधून जाऊ द्यायचं, मासा स्वतःहून निघेपर्यंत धरायचं. अर्धा तास तो तसाच उभा होता, त्या गार पाण्यात. मी काठावर हातमोजे घालून. त्या हातमोज्यांना माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर चिकटला होता. तो थर म्हणजे त्याची कातडीच, रोगजंतूंपासून वाचवणारी, आणि कोरडं कापड ती पुसून काढतं. हे मला त्या संध्याकाळी कळलं.

शेवटी मासा हलला, शेपूट मारली, खोल गेला. मी "येस!" म्हणालो. दाज्यू नुसतं "देखते हैं" म्हणाला.

रात्री तंबूत मी फोटोंच्या वेळा पाहिल्या. आमच्याकडे प्रॉडक्शन पडलं की पहिलं काम लॉग बघणं, ती सवय. पहिला फोटो ४:३४, शेवटचा ४:४१. सात मिनिटं. एवढी नसतील, फोन मधेच नेपाळच्या वेळेवर गेला असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण तसं असतं तर पंधराचा फरक पडला असता, सातचा नाही.

सकाळी दाज्यू मला एकट्यालाच घेऊन गेला. दोनेकशे मीटर खाली, पाणी जिथे गोल फिरतं तिथे, तो उताणा तरंगत होता. सोनेरी रंग गेला होता. तोच आहे का असं मी विचारलं, आणि दाज्यूने त्याचा फाटलेला ओठ दाखवला. कॅम्पचा स्वयंपाकी मागून आला होता. मी त्याला म्हटलं, आता मेलाच आहे तर तुम्ही तरी घेऊन जा, वाया कशाला. दाज्यूने मान हलवली. त्याचं म्हणणं असं की आज हा मेलेला खाल्ला, तर उद्यापासून इथे प्रत्येक मासा 'मेलेलाच सापडला' होईल. त्याने काठीने मासा धारेत ढकलला. मग म्हणाला, "सर, इस नदी ने इतना बड़ा करने में कई साल लगाए हैं." आवाजात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं. पुढे बोलता बोलता इथल्या धरणाचा विषय निघाला. १९९६ च्या महाकाली करारापासून भारत-नेपाळचं प्रचंड धरण इथे प्रस्तावित आहे, ते झालं तर हा संगमच पाण्याखाली. त्या मानाने माझा एक मासा म्हणजे काहीच नाही, असं तो म्हणाला नाही. मीच म्हणून पाहिलं, मनात. जमलं नाही.

त्या दिवशी मी रॉडला हात लावला नाही. संगमावरच्या देवळापाशी बसून राहिलो आणि वाळणकोंड आठवत राहिलो. महाडजवळ नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत. मी पाच-सहा वर्षांचा असताना आजी घेऊन गेली होती. चुरमुरे टाकले की काळ्या पाठी वर यायच्या. मी हात घालायला गेलो तेव्हा आजीने मनगट धरलं होतं. ते मासेही महाशीरच, फक्त दख्खनचे. त्या दख्खनी महाशीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं, तेही आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. ज्या पुलावरून आपण नाक दाबून ऑफिसला जातो त्याच्या खालच्या पाण्यातल्या. हे सगळं मी परत आल्यावर वाचलं. जाण्याआधी मी फक्त रॉडचे रिव्ह्यू वाचले होते.

शेवटच्या दिवशी मात्र मी परत गळ टाकला. टाकायला नको होता असं काहींना वाटेल, आजीला नक्कीच वाटलं. कॅम्पचा जाड रॉड, एकेरी गळ, बार्ब दाबलेला, दाज्यूची पकड माझ्या कमरेला. छोटा लागला, किलोभराचाही नसेल. चार मिनिटांत काठाला, हात ओले, पाण्यातच गळ काढला, गेला. फोटो नाही. माप नाही. दाज्यूने अंगठा वर केला आणि चहाचा थर्मास पुढे केला.

तर ज्युनियरसाठी शीट दुरुस्त केली आहे. ३१ नंबरची टेप उडवली, हातमोजे उडवले, स्प्रिंगचा वजनकाटा उडवला, स्पेअर कॅमेरा उडवला. जवळजवळ सव्वा किलो वाचले. त्यात जाड दोर, एकेरी गळांचं पाकीट आणि रबरी जाळीचं हातजाळं बसतं. रबरी अशासाठी की नायलॉनच्या गाठी माशाचे खवले खरवडतात. पकडी दोन, एक स्वतःच्या कमरेला आणि एक मित्राच्या. बार्ब घरीच दाबायचे, सगळ्या लूरचे, पाकिटातल्याही. आणि रे बाबा, दोन्ही पकडी चेक-इनच्या बॅगेत टाक. २१० ग्रॅम एकेक भरते, मोजून ठेवली आहे.